एकेकाला बाजूला घेऊन

आत्याबाईंना कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या आधी हात धुवायला मागत. हात स्वच्छच असायचे. पण त्या उठायच्या, समोरच्या एका माणसाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "जरा पाणी घाल हातावर." तो माणूस तांब्या घेऊन त्यांच्यामागे परसात जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा बदललेला असायचा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी माझा नंबर लागला. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी पाणी घालत होते आणि त्या बोटांची पेरं चोळत खालच्या आवाजात म्हणाल्या, "पहिलं लेकरू दोन वर्सांनी. तुझं डी.एड. पुरं होऊ दे आधी. विलासला काय सांगायचं ते मी बघते. कुणी इचारलं तर नुसतं हसायचं." मग पदराला हात पुसून पाहुण्यांत जाऊन बसल्या. मी रिकामा तांब्या धरून तशीच उभी. माहेरी या विषयावर माझ्याशी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाईच म्हणतात. बाकी जगाला मात्र त्या 'सिस्टर' होत्या. साखऱ्याच्या बाजूच्या खेड्यांत आणि तांड्यांवर त्यांनी तीसेक वर्षं नर्स म्हणून काढली. लशींचा थंड डबा खांद्याला, पायात रबरी चपला आणि तोंडाने सतत कुणाला तरी रागावणं चालू. सासरे लवकर गेले. माझे यजमान विलास आणि त्यांची मोठी बहीण रेखाताई, या दोन लेकरांना शेजारणींच्या भरवशावर ठेवून त्या फिरतीवर जायच्या. निवृत्तीनंतर त्या हिंगोलीला आमच्याजवळ राहायला आल्या. विलास कॉलेजात क्लार्क, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या मला 'मास्तरीन' म्हणायच्या. कौतुकाने म्हणायच्या की टोमण्याने, ते आवाजावरून ओळखावं लागे.

बाजूला घेऊन बोलायची खोड नोकरीतली. पहिल्याच वर्षी त्यांनी एका गावात शाळेच्या ओट्यावर बायका जमवून पाळणा लांबवण्याबद्दल चांगलं तासभर भाषण केलं. सगळ्यांनी माना हलवल्या, चहा घेतला आणि दवाखान्यात एकही आली नाही. मग त्यांनी एकेकीला गाठायला सुरुवात केली. कुणी न्हाणीपाशी, कुणी गोठ्यात, कुणी शेताच्या बांधावर. हातावर पाणी घालायला सांगणं हा त्यातला सगळ्यात सोपा बहाणा. सिस्टरला हात धुवायला पाणी द्यायला कोणती सासू नाही म्हणणार? "चार बायकांत बसून कोणती बाई खरं बोलती?" त्या मला सांगत. "चौघींत सगळ्या व्हय म्हणत्यात आन् घरी जाऊन इसरत्यात. एकटीला धर, बराबर ऐकती."

मरणाच्या बाबतीत त्यांना अवघडलेपण म्हणून नव्हतंच. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी शेवटचे श्वास घेऊ लागलं की त्या चष्मा सावरून पुढे सरकायच्या. "बघ, मरून राहिली आन् ओठाची लाली तशीच. आगं, पाय गार पडाया पायजे आधी. हिला कुणी सांगितलंच न्हाई का काही?" आम्ही हसायचो. पण खेड्यातल्या लोकांना त्यांचा हा जाणतेपणा हवा असायचा. निवृत्तीनंतरही बोलावणी येत. म्हातारं माणूस शेवटाला आलं की त्याला नांदेडला न्यायचं की घरीच ठेवायचं, हे सिस्टरनं येऊन बघावं, असं लोकांना वाटे.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मीच त्यांना माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. नव्वदीचे आजोबा, केशवबापू. आठ दिवसांपासून अन्न सुटलेलं. दारात जीप उभी, दोन्ही मुलगे चपला घालून तयार. आत्याबाईंनी नाडी बघितली, पाय चाचपले, ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. मग बाहेर येऊन थोरल्याला म्हणाल्या, "पाणी घाल रे हातावर." दोघं मागे गेले. परत आल्यावर आत्याबाईंना साबण राहिल्याचं आठवलं, तेव्हा धाकट्याला नेलं. मग बापूंच्या बायकोला, म्हातारीला. एवढे हात धुतलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. शेवटी अंगणात सगळ्यांच्या मधोमध बसून त्यांनी चहा मागितला आणि बशीत ओतत विचारलं, "मंग, काय ठरलं?" थोरला म्हणाला, "मला वाटून राहिलं, बापूला नेऊ नये." धाकटा म्हणाला, "माझ्या बी मनात तेच व्हतं." म्हातारीने डोळ्याला पदर लावला. जीप परत गेली. बापू तिसऱ्या दिवशी आपल्या खाटेवर, नातवाच्या बायकोच्या हातचं दोन थेंब पाणी घेऊन गेले. येताना मी विचारलं, "तिघांना काय सांगितलं हो?" त्या मागून माझ्या पाठीत एक बोट टोचून म्हणाल्या, "ज्याला जे झेपतं ते. तू समोर बघ, खड्डा हाय."

तीन वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण परभणीच्या एका दवाखान्यात महिनाभर मशीनवर होती. आत्याबाई भेटून आल्या त्या न जेवता झोपल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून मी घरी आले, तर त्या परसातल्या हौदापाशीच उभ्या होत्या. "पाणी घाल गं हातावर." मी मगाने पाणी घालू लागले. "आगं, माणूस न्हाई राहिलं ते. मी हाक मारली तर डोळ्यातून पाणी आलं तिच्या. बोलंल कशी? घशात नळी. माझं आसं करायचं न्हाई. पडले की घरी ठेवायचं. दुखत आसंल तर दुखायचं औषध दे. ओठ ओले कर, कूस बदल, पाठ पूस. लोकांचं मी तेवढंच केलं, मला बी तेवढं पुरे. घशात नळी न्हाई, मशीन न्हाई. शब्द दे."

मी शब्द दिला.

"हे तुलाच सांगून राहिले. विलास कच्चा हाय. रेखा नुसती रडून गोंधळ घालती. तूच एक धीराची हायेस."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी दुःखापेक्षा अभिमान जास्त वाटला. पोटची दोन लेकरं असताना त्यांनी मला निवडलं. हा मान मी मनात अगदी जपून ठेवला, कुणाला दाखवलासुद्धा नाही. दोन-तीन महिन्यांनी मी एवढं मात्र म्हटलं की, असं आता लिहून ठेवता येतं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. मी अर्जाचा नमुनाही आणला होता. त्यांनी तो लांब धरून वाचला आणि परत दिला. "साक्षीदार बसवून सांगायला ही काय वावराची वाटणी हाय का? मी आयुष्यात कोणाकडून कागद लिहून घेतला न्हाई. तोंडानं सांगितलं, लोकांनी ऐकलं." पुढे मीही तो विषय काढला नाही. त्याच वर्षी त्यांनी आपल्या नावावरचं हिंगोलीचं घर माझ्या नावावर करून दिलं. विलास भोळे आहेत, कुणीही सही घेईल, म्हणून. रेखाताईंना ते लागलं होतं. बोलल्या नाहीत, पण त्या दिवाळीला आल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आत्याबाई हौदापाशी पडल्या. तोंड वाकडं झालेलं, डावी बाजू गेलेली, घशात घरघर. विलासनी त्यांना उचललं आणि "गाडी काढा, गाडी काढा" म्हणून ओरडायला लागले. मी त्यांच्या दंडाला धरलं. आता बोलायला हवं होतं. शेजारचे चारजण अंगणात आले होते. मी म्हणाले, "डोक्याखाली उशी घ्या." एवढंच निघालं तोंडातून.

हिंगोलीच्या दवाखान्याने नांदेडला न्यायला सांगितलं. तिथे रेखाताई सासरहून, कुरुंद्याहून थेट पोचल्या होत्या. अतिदक्षता विभागाचा डॉक्टर वयाने लहान होता, पण समजूतदार होता. त्याने आम्हा तिघांना खुर्च्यांवर बसवलं. मेंदूत मोठा रक्तस्राव आहे, वय अठ्ठ्याहत्तर आहे, श्वासासाठी नळी घालावी लागेल, त्यातून त्या कितपत बऱ्या होतील ते सांगता येत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "याबाबतीत आजींची स्वतःची काही इच्छा होती का? कधी काही बोलल्या होत्या?"

मी विलासकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते. रेखाताई पदराचं टोक पिळत होत्या. मला आमची एक लांबची जाऊ आठवली. तिने सासऱ्याला दवाखान्यातून घरी आणलं होतं. माणूस जाऊन दहा वर्षं झाली, अजून लग्नाकार्यात बायका तिच्याकडे बोट दाखवतात, घरी आणून मारला म्हणतात. आणि माझ्या तर नावावर घर. सून म्हणते, नळी लावू नका. कुठे लिहिलंय? कुठेच नाही. कुणासमोर सांगितलं? कुणासमोरच नाही. मी वाट बघितली, या दोघांपैकी कुणीतरी काहीतरी म्हणेल. विलास म्हणाले, "न्हाई. तसं काही बोलली न्हाई." रेखाताई म्हणाल्या, "सगळं करा डॉक्टर. काही कमी पडू देऊ नका." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, मलाही ठाऊक नाही. सही विलासनी केली.

त्यानंतरचे सतरा दिवस मी कसे सांगू? प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीला धरून येत गेली. नळी घातली म्हणून मशीन. मशीन सुटेना म्हणून गळ्याला छिद्र. एवढं केलं, आता मागे कसं फिरायचं? चौथ्या दिवशी त्यांना थोडी शुद्ध आली आणि त्यांनी उजव्या हाताने नाकातली अन्नाची नळी ओढून काढली. तेव्हापासून तो हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवला. सिस्टर मुली चांगल्या होत्या. बांधताना "सॉरी आजी" म्हणायच्या.

आत एका वेळी एकालाच सोडत. सकाळी अकरा वाजता आणि संध्याकाळी पुन्हा, आधी विलास, मग रेखाताई, मग मी. मी आत गेले की त्या डोळे उघडून माझ्याकडे बघत. राग होता का, आठवण करून देणं होतं, की नुसतंच बघणं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बांधलेल्या हाताची बोटं हलायची. मी ती धरायची आणि म्हणायची, "बरं वाटेल हं आत्याबाई. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे." ज्या बाईने आयुष्यात कुणा मरणाऱ्याशी खोटं बोलू दिलं नाही, तिच्याशी मी रोज दोनदा खोटं बोलले. एक दिवस त्यांनी मी बोलत असतानाच डोळे मिटून घेतले आणि माझी वेळ संपेपर्यंत उघडले नाहीत.

बाहेर आवारात गावोगावची माणसं येऊन बसत. साखऱ्याहून येत, तांड्यावरून येत. भाकरी बांधून आणत आणि आम्हाला बळेच खायला लावत. "सिस्टरनं आमची लेकरं वाचवली. तुमी हिंमत सोडू नका. सगळे इलाज करा." एवढ्या माणसांच्या डोळ्यांदेखत मी कुठल्या तोंडाने म्हणू, की घरी न्या? रोज सकाळी बोलायचं ठरवून निघायची. रोज संध्याकाळी वाटायचं, आता इतके दिवस गप्प राहून आज बोलले, तर पहिला प्रश्न हाच येईल, आधी काहून बोलली न्हाईस? गप्प राहण्याचं कारण रोज एक दिवसाने मोठं होत होतं.

सतराव्या दिवशी दुपारी आत्याबाई गेल्या. हाताची पट्टी त्यानंतर सोडली. मनगटावर वळ होता.

पुण्यानुमोदनाला मांडव अपुरा पडला. त्रिशरण, पंचशील झालं आणि मग एकेक माणूस उठून बोलत गेला. जो तो सिस्टरने आपल्याला कसं बाजूला घेऊन सांगितलं, तेच सांगत होता. आणि प्रत्येकाच्या बोलण्यात शेवटी यायचंच, "लेकानं, लेकीनं, सुनंनं काही कमी केलं न्हाई." मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, सून किती रडतेय.

दुसऱ्या दिवशी रेखाताईंना कुरुंद्याला सोडायला आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती, पुढेमागे ट्रॅक्टर उभे, गाडी जागची हलवता येईना. मग मागच्या सीटवरून रेखाताई म्हणाल्या, "विलास, मी एक पाप केलं. मायनं मला सांगितलं व्हतं."

"काय?"

"नळ्या लावू देऊ नको म्हणून. मावशीला बघून आली, त्याच साली माझ्याकडं आली व्हती. हळद शिजवून राहिलो व्हतो आमी. मला कढईपासून उठवलं, म्हणली, पाणी घाल हातावर." त्या रडत नव्हत्या. आवाज अगदी कोरडा होता. "म्हणली, विलास कच्चा हाय. सुनंदा पडली सून, तिच्यावर बोट येईल. तूच एक धीराची हायेस."

विलासनी चावी फिरवून गाडी बंद केली. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोरच्या फाटकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला म्हणली व्हती, ह्या दोघी बायामाणसं घाबरत्यात. तूच एक धीराचा हायेस."

आता माझ्याकडे दोघं बघत होते. मी सांगायची गरजच उरली नव्हती, तरी मी सांगितलं. हौद, हातावरचं पाणी, दिलेला शब्द, सगळं. रेखाताई हसायला लागल्या. ते हसू मला ऐकवेना. तिघांना त्या बाईने तेच वाक्य ऐकवलं होतं आणि तिघांनी ते आपलं एकट्याचं म्हणून लपवून ठेवलं होतं. लोकांच्या अंगणात सगळ्यांना सांगून झाल्यावर ती मधोमध बसून "मंग, काय ठरलं?" म्हणून विचारायची. आमच्या वेळी विचारणारी बाईच खाटेवर होती आणि तिच्या घशात नळी होती. हे तिच्या लक्षात कसं आलं नाही, मला कळत नाही. तिने सगळ्यांच्या घरांचा विचार केला, आपल्या घरात ती स्वतः नसेल हा विचार केला नाही. तिच्यावर मला राग येतो. जाऊन इतके महिने झाले, तरी येतो. पण डॉक्टरने सरळ मराठीत विचारलं होतं आणि तीन जाणती माणसं खुर्च्यांवर बसून होती. तो दोष मी तिच्यावर ढकलू शकत नाही.

"तू तर डॉक्टरला म्हणाला, काही बोलली न्हाई," रेखाताई म्हणाल्या.

"आन् तू म्हणली, सगळं करा."

"मला वाटलं, तुला माहीत न्हाई. मी बोलले तर म्हणशील, घर सुनंच्या नावावर झालं, आता माय बी नको झाली हिला."

माझ्याविषयी कुणीच काही म्हणालं नाही. मी तर 'नाही' एवढंही म्हटलं नव्हतं. मालगाडी कधी गेली कळलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, एक ट्रॅक्टरवाला उतरून काचेवर टकटक करून गेला. विलासना चावी सापडेना. ती गाडीलाच होती.

रेखाताईंच्या दारात पोचलो, तर अंगणभर हळद वाळत घातलेली होती. चालायला कडेने वीतभर वाट. विलास पिशव्या घेऊन पुढे गेले. रेखाताई थांबल्या, त्यांनी माझा हात धरला आणि विलासना मोठ्याने हाक मारून मागे बोलावलं.

"तू बी ऐक," त्या म्हणाल्या. "दोघांच्या समोर सांगून राहिले. मला ते काही लावायचं न्हाई. माझी लेकरं ऐकायची न्हाईत, ती माझ्यासारखीच हायत. सुनंदा, माझ्या टायमाला तू बोलशील का?"

"बोलेन, ताई," मी म्हणाले. विलासही मान हलवत होते. मी अगदी मनापासून म्हणत होते. आत्याबाईंनाही मी मनापासूनच शब्द दिला होता, आणि ते आता रेखाताईंना माहीत झालं होतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांनी हात सोडला नाही आणि मलाही तो सोडवून घेता आला नाही.